पहिल्या मसुद्याचे गुण

विधी महाविद्यालयांत कायद्याचे लेखन शिकवतच नाहीत, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ती पुरती खरी नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांत ‘ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्स’ हा विषय सक्तीचा आहे. दाव्यापासून जामीन अर्जापर्यंत आणि खरेदीखतापासून मृत्युपत्रापर्यंतचे प्रकार त्यात येतात. माझा आक्षेप वेगळा आहे. या विषयात लिहिणे आहे, पण लिहिलेले पुन्हा वाचून दुरुस्त करणे नाही.

गुणांची वाटणीच पाहा. मसुदालेखनाचे १५ सराव ४५ गुणांचे, दस्तलेखनाचे १५ सराव ४५ गुणांचे आणि तोंडी परीक्षा १० गुणांची. म्हणजे एका सरावाला ३ गुण. तीस दस्तऐवज एकेकदा लिहायचे आणि पुढे जायचे. अशा सरावाच्या ज्या वह्या मी पाहिल्या, त्यांत बहुतेक ठिकाणी छापील नमुना उतरवून फक्त नावे आणि गावे बदललेली होती. शिक्षकांची खूण होती ती सहीची. एकाही वहीत दुसरा मसुदा नव्हता. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ज्या कामाला गुणच नाहीत ते कोण करील?

याने बिघडते काय, ते एका वाक्यावरून दिसेल. वाक्य माझे आहे, पण त्याचा घाट कोणत्याही तालुका न्यायालयात ओळखीचा वाटेल: ‘प्रतिवादीने वादीच्या भावासमक्ष सदर मिळकत त्याच्या नावे करून देण्याचे कबूल केले व त्यानंतर वारंवार मागणी करूनही सदर जागा न दिल्याने वादास कारण घडले.’ यातला ‘त्याच्या’ कोणाचा, वादीचा की भावाचा? ‘मिळकत’ आणि ‘जागा’ एकच की दोन? मागणी कोणी केली, केव्हा केली, नकार कोणत्या तारखेला मिळाला? कराराच्या पूर्ततेचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत आणावा लागतो. करारात तारीख ठरली नसेल, तर ही मुदत नकार कळल्यापासून मोजतात. म्हणजे येथे तारीख गाळणे हा भाषेचा दोष राहत नाही, त्यात पक्षकाराचा हक्क बुडू शकतो. आणि वाक्य व्याकरणाने निर्दोष असल्यामुळे पहिल्या वाचनात यातले काहीच खटकत नाही.

गंमत अशी की, संपादनाचे धडे कायद्यातच आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची. तिच्या आदेश ६, नियम २ नुसार महत्त्वाच्या तथ्यांचेच संक्षिप्त कथन करायचे, पुरावा कथनात घालायचा नाही, परिच्छेदांना क्रमांक द्यायचे, तारखा आणि रकमा अंकांत व अक्षरांत लिहायच्या. नियम १६ अनावश्यक मजकूर काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला देतो. नियम १७ दुरुस्तीला परवानगी देतो. मात्र सुनावणी सुरू झाल्यावर ती मागायची, तर पुरेशी दक्षता घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, हे न्यायालयाला पटावे लागते. हे नियम परीक्षेत विचारले जातात. विद्यार्थी ते पाठ करतो, पण स्वतःच्या मसुद्याला लावत नाही.

कायद्याची भाषा मुद्दामच साचेबंद असते, तिला सुबक करायला जाल तर अर्थ निसटेल, असे काही ज्येष्ठ वकील म्हणतात. हा मुद्दा हलका नाही. शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द पुन्हा आला की बाई खोडायच्या, कायद्यात मात्र शब्द बदलला की अर्थ बदलला असे धरण्यास वाव मिळतो. म्हणून कायद्याचे संपादन साहित्याच्या संपादनाहून वेगळे आहे आणि म्हणूनच ते वेगळे शिकवायला हवे. ‘ताबा’ हा शब्द दहा वेळा आला तरी दहाही वेळा तोच ठेवावा. ‘यातील वादी नम्रपणे नमूद करतात की’ हे मात्र दहाही वेळा काढता येते, अर्थाला धक्का लागत नाही.

ही उणीव वकिलापाशी थांबत नाही. ‘स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध अजय कुमार सूद’ या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला एका उच्च न्यायालयाचा निकाल समजण्याजोगा नाही म्हणून रद्द करून प्रकरण परत पाठवावे लागले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्या निकालात परिच्छेदांना क्रमांक देण्यापासून मुद्दा, नियम, त्याचा वापर आणि निष्कर्ष या क्रमापर्यंत लेखनाची शिस्त समजावून सांगितली. जे विद्यापीठात पक्के व्हायला हवे, ते देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला सांगावे लागले. आणि ज्याची नोकरी पणाला लागली होती, त्याचा वाद पुन्हा उच्च न्यायालयाच्या दारात गेला.

यावर उपाय नियमाच्या चौकटीतच निघू शकतो. तीन गुणांपैकी एक पहिल्या मसुद्याला द्यावा आणि दोन दुरुस्त मसुद्याला. दोन्ही वहीत शेजारी शेजारी ठेवावेत. मधले वाचन वर्गमित्राने करावे, पण मित्र म्हणून नव्हे, विरुद्ध बाजूचा वकील म्हणून. कुठल्या ‘त्याच्या’वर बोट ठेवता येईल, कुठली तारीख नाही, हे त्याने शोधावे. शिक्षकाचा भार याने वाढेल, हे मान्य. पण काही अपवाद सोडता १९९८पासून मराठी ही आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा ठरली आहे. आता पक्षकार स्वतःचा दावा स्वतः वाचू शकतो. वाचून तो त्याला कळला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.