आगगाडीचे भाट

एखाद्या राष्ट्राचें शहाणपण त्याच्या कायद्यांत दिसत असेल; त्याचा स्वभाव मात्र त्याच्या छंदांत दिसतो. इंग्रज लोकांच्या आगगाडीच्या छंदाची हकीकत प्रथम ऐकतांना आपल्याकडील वाचकास हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. ज्या वाहनाचा आपण मुक्कामास पोंचण्यापुरताच विचार करतों, त्याच्या एंजिनांचे क्रमांक वहींत टिपीत प्रौढ गृहस्थांनीं पावसांत फलाटावर उभें राहावें, हें त्यास पोरकटपणाचें वाटतें. आम्हांसही आरंभीं तसेंच वाटलें होतें. परंतु या छंदांतून निर्माण झालेलीं छायाचित्रें लक्षपूर्वक पाहिल्यावर आमचें मत पालटलें. ही कला हंसण्याची नव्हे, वाद घालण्याच्या योग्यतेची आहे, असें आम्हांस वाटूं लागलें.

या छंदास लोकव्यापी रूप आलें तें दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत. सदर्न रेल्वेच्या नोकरींत असलेल्या इअन ॲलन या तरुणानें १९४२ सालीं त्या कंपनीच्या एंजिनांची यादी देणारी एक लहानशी पुस्तिका काढली, आणि अशा पुस्तिका हातीं घेऊन शाळकरी मुलें स्टेशनोस्टेशनीं हिंडूं लागलीं. १९५१ सालीं वेल्समधील टॅलिलिन ही मोडकळीस आलेली अरुंद रुळांची रेल्वे एल. टी. सी. रोल्ट व त्यांचे सहकारी यांनीं स्वयंसेवकांच्या बळावर चालूं ठेवली. या रीतीनें वांचविलेली ती जगांतील पहिली रेल्वे होय. पुढें ११ ऑगस्ट १९६८ रोजीं लिव्हरपूलहून कार्लाइलला जाऊन परतलेल्या एका खास गाडीनें ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचें राज्य संपलें. त्या दिवसापूर्वीं छायाचित्रकारापुढें जें एंजिन होतें तें पोटासाठीं राबणारें होतें. त्यानंतर जें आलें तें हौसेनें जिवंत ठेवलेलें. या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास या कलेचें मर्म हातीं लागणार नाहीं.

पूर्वकाळांतील दोन छायाचित्रकारांचा विचार येथें पुरेसा होईल. पहिले एरिक ट्रीसी. हे धर्मोपदेशक; पुढें वेकफील्डचे बिशप झाले. लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनाबाहेरील खोल खिंडींत किंवा शॅपच्या अवघड चढणीवर त्यांनीं टिपलेलें एंजिन एखाद्या सम्राटासारखें अंगावर चालून येतें. १९७८ सालीं ॲपलबी स्टेशनावर वाफेच्या गाडीची वाट पाहत असतांनाच त्यांस मृत्यु आला. भक्ताला याहून उचित मरण कोणतें? आणि त्यांची दृष्टि भक्ताचीच होती. मूर्ति मध्यभागीं असावी, तिच्यावर प्रकाश पडावा, बाकी सर्व मखर.

दुसरे कॉलिन गिफर्ड. त्यांचा ‘डिक्लाइन ऑफ स्टीम’ हा संग्रह १९६५ सालीं निघाला, तेव्हां सूर्य पाठीशीं घेऊन एंजिनाची तिरपी मुखाकृति टिपण्याच्या रूढीस सरावलेल्या मंडळींस तो चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाहीं. गिफर्ड यांच्या चित्रांत एंजिन पुष्कळदां एका कोपऱ्यांत असतें. बाकीची जागा कारखान्यांचीं धुराडीं, काळवंडलेल्या घरांच्या रांगा, ओला रस्ता आणि आपल्याच विचारांत गढलेलीं माणसें यांनीं व्यापलेली असते. ट्रीसींच्या चित्रांत एंजिन राजा आहे. गिफर्ड यांच्या चित्रांत तें त्या गांवाचें एक कष्टाळू माणूस आहे. आमचें मत गिफर्ड यांच्या बाजूचें आहे.

परंतु आजचे छायाचित्रकार बहुतांशीं ट्रीसींच्याच वाटेनें जातात, आणि तेंही त्यांच्यासमोर होतें तें सत्य हातीं नसतांना. आज जतन केलेल्या रेल्वेवर एखादी मंडळी दिवसभरासाठीं एंजिन व जुने डबे भाड्यानें घेते. कित्येकदां हमालांच्या व प्रवाशांच्या जुन्या वेषांतील माणसें फलाटावर उभीं केलीं जातात. गाडी मागें नेऊन पुन्हां पुन्हां तीच चाल करून दाखविते. आजच्या काळाची एकही खूण चित्रांत येऊं नये, याची पराकाष्ठेची काळजी घेतली जाते. मग सर्वांचे डोळे धुराकडे लागतात.

या धुराची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. भट्टींत कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या कसबांत दाट काळा धूर हा दोष गणला जातो. कोळसा पुरता जळत नाहीं आणि पैसा धुराड्यांतून उडून जात आहे, अशी ती चाहूल असते. कसलेला फायरमन धुराडें शक्य तितकें स्वच्छ ठेवतो. छायाचित्रकारास मात्र आकाश व्यापणारा काळा लोट हवा असतो, आणि त्याच्या समाधानासाठीं तो मुद्दाम काढलाही जातो. ज्या कारागिराचा गौरव करावयाचा, त्याच्याकडून त्याच्या कारागिरीविरुद्ध काम करून घ्यावयाचें, ही या कलेंतील खरी विसंगति होय. जुन्या एंजिनाचें रूप राखलें; त्यास चालविणाऱ्या माणसाची विद्या मात्र चित्रासाठीं बाजूस सारली.

यावर कोणी म्हणेल, नाटकांतील राजा खरा नसतो म्हणून नाटक खोटें ठरत नाहीं. आक्षेप योग्य आहे. परंतु नाटक आपण नाटक आहों हें लपवीत नाहीं. हीं चित्रें मात्र आज काढलेलीं असून आपलें वय लपवितात. शिवाय, ज्याच्या डोळ्यांपुढें खरें नाट्य चाललें आहे, त्यानें खोट्याच्या मागें कां लागावें?

तें खरें नाट्य कोणतें, हें सांगतों. वेल्समधील बॅरी येथील भंगाराच्या आवारांतून गंजलेलीं २१३ एंजिनें हौशी मंडळींनीं सोडवून आणलीं. एका जातीचीं सर्व एंजिनें मोडीत निघालीं होतीं, म्हणून लोकांच्या वर्गणीवर डार्लिंग्टन येथें ‘टॉर्नेडो’ हें त्याच जातीचें नवें एंजिन बांधलें गेलें, आणि २००८ सालीं तें वाफेवर चाललें. सुटीच्या दिवशीं पहांटे उठून, गार बॉयलर तापण्यास लागणारे कित्येक तास भट्टीशीं बसणारा स्वयंसेवक. त्याच्या हाताखालीं फावडें कसें फिरवावें हें शिकणारी कॉलेजांतील मुलगी. राखेनें माखलेला निवृत्त कारकून: हीं माणसें आजचीं आहेत, आणि त्यांस पगार नाहीं. १९५० सालचा फायरमन पोटासाठीं जें करीत होता, तें हीं माणसें प्रेमासाठीं करतात. हा फरक लपविण्याजोगा नसून हाच चित्राचा विषय आहे.

म्हणून या छंदास आम्ही हंसत नाहीं. त्याच्याकडून अधिक मागतों. कॅमेऱ्यानें धुराच्या लोटावरून थोडें खालीं यावें आणि भट्टीच्या उजेडांत दिसणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहावें. गेलेला काळ एंजिनाच्या रंगांत परत येत नाहीं. तो परत येत असेल तर एका हातानें दुसऱ्या हातास शिकविलेल्या कामांतच येतो.