अस्सल, नक्कल, बनावट: जुन्या लिव्हर रायफली कशा वाचाव्यात



आज एका घरातल्या प्रसंगापासून सुरुवात करू. जळगाव जिल्ह्यातल्या एका जुन्या वाड्यात आम्हाला विंचेस्टर रायफल पाहायला बोलावलं होतं. बंदूक पणजोबांची. लायसन्स आजोबांकडून वडिलांकडे आणि तिथून मुलाकडे आलेलं. आम्ही येणार म्हणून घरच्यांनी आठ दिवस आधी ती 'चकाचक' करून आणली होती. नळीला बफ मारलेला, दस्त्यावर नवं वॉर्निश. चहा झाला, बंदूक समोर आली आणि मुलाने विचारलं, "सर, ओरिजिनल आहे ना?"

याचं उत्तर देण्यासाठी जो पुरावा लागतो, तो त्याच बफखाली गेला होता. आम्ही काय बोलणार?

पण परत येताना आमच्या लक्षात आलं, की चूक एकट्या बफवाल्याची नव्हती. तो प्रश्नच अपुरा होता. आज आपण त्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहोत.

आधी वस्तू समजून घेऊ. लिव्हर रायफलीत चापाभोवती एक कडी असते. ती खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि वर दाबली की नवं आत जातं. विंचेस्टर कंपनीचं १८७३चं मॉडेल यातलं सगळ्यांत प्रसिद्ध. सात लाखांच्या वर बनलं ते. पुढे १८९२, १८९४ आणि १८९५ची मॉडेलं आली. ती जॉन ब्राउनिंगच्या रचनेची. या सगळ्या अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या. दुसरी एक लिव्हर रायफल आपल्याकडे सरकारी वाटेने आली, मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश फौजेने ती १८७१ मध्ये स्वीकारली. तिच्यातही खाली कडी आहे, पण मॅगझिन नाही. एका वेळी एकच काडतूस.

आता परीक्षणाची जी रीत संग्राहकांच्या पुस्तकांतून आपल्याकडे आली आहे, ती काय म्हणते? मूळ झिलई किती टक्के शिल्लक आहे ते पाहा. स्क्रूच्या खाचा बिघडल्यात का ते पाहा. भाग बदललाय का ते पाहा. बदलला असेल तर किंमत उतरली. म्हणजे वस्तूचे दोनच वर्ग, मूळ आणि बिघडलेली. बाजारासाठी हे सोयीचं आहे. पण इतिहासासाठी ही फूटपट्टी तोकडी पडते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

का, ते सांगतो. आपल्या धुळ्यातच याहून चांगली फूटपट्टी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचे दिवस धुळ्यात काढले, ३१ डिसेंबर १९२६ला ते तिथेच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८चा. मोडी दफ्तरं चाळणारा माणूस कागद हातात आला की दोन नाही, तीन वर्ग करतो: अस्सल, नक्कल आणि बनावट. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. मूळ कागद जीर्ण झाला, किंवा वाटणीत दोन भावांना एकेक प्रत हवी होती, म्हणून अधिकारी माणसाने उतरवून घेतलेला तो कागद. त्याला स्वतःची तारीख असते, कारण असतं. बनावट कागद मात्र आपली खरी तारीख लपवतो. फरक नवे-जुनेपणाचा नाही, लपवण्याचा आहे.

हीच तीन खणांची पेटी बंदुकीला लावून बघा.

विंचेस्टरचा कारखाना आपल्याच रायफली दुरुस्तीला परत घेत असे. नळी झिजली तर नवी बसवून देई, झिलई उडाली तर पुन्हा करून देई. तिथल्या जुन्या नोंदवह्यांत अशा परत आलेल्या रायफलींच्या नोंदी सापडतात. या वह्या आज अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. क्रमांक कळवला तर तिथून उतारा मिळतो. अर्थात सगळ्या क्रमांकांच्या नोंदी शिल्लक नाहीत. पण बंदूक स्वतःही बोलते. १९०५च्या सुमारास कारखान्याने लंबगोलात डब्ल्यू-पी ही अक्षरं असलेला चाचणीचा शिक्का मारायला सुरुवात केली. आता क्रमांकावरून रायफल १८९६ची ठरते आणि नळीवर हा शिक्का आहे, तर अर्थ काय? ती नळी नंतरची, किंवा रायफल नंतर कधीतरी कारखान्यात जाऊन आली. बाजार म्हणेल, 'ओरिजिनल नाही.' आम्ही म्हणू, ही कारखान्याने सही करून दिलेली नक्कल आहे. ती काही लपवत नाही.

दुसरं उदाहरण विलायतेच्या शिक्क्यांचं. ब्रिटनमधल्या व्यापाऱ्यामार्फत इकडे आलेल्या अमेरिकन रायफलीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे असतात. तिकडच्या कायद्याने विक्रीआधी नळीची चाचणी सक्तीची होती. न्यू हेवनमधून बाहेर पडताना हे ठसे त्या नळीवर नव्हते. मग ही छेडछाड झाली का? अजिबात नाही. ती बंदूक कुठल्या वाटेने इथवर आली, हे सांगणारा तो पुरावा आहे. आपल्यासाठी तर तोच जास्त मोलाचा.

आणि मार्टिनी? तिची तर कथाच दुरुस्तीची आहे. पुढे .३०३चं काडतूस आलं, तेव्हा हजारो मार्टिनी-हेन्रींच्या नळ्या सरकारी कारखान्यांनी बदलल्या. त्यातून मार्टिनी-मेटफर्ड आणि मार्टिनी-एन्फिल्ड झाल्या. ढाचा जुना, नळी नवी, आणि ढाच्यावर दोन वेगळ्या काळांचे ठसे. सरकारी बाणाच्या टोकाखाली इंग्रजी आय असेल तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ती विकून टाकली. असे चार-पाच ठसे ओळीने वाचले, की एखाद्या सरकारी माणसाचं सर्व्हिस बुक वाचल्यासारखं वाटतं. नेमणूक, बदली, निवृत्ती. यात 'मूळ' शोधून बाकीचं बिघडलेलं म्हणायचं, म्हणजे सर्व्हिस बुकाचं पहिलं पान ठेवून उरलेलं फाडण्यासारखं आहे.

तिसरा खण बनावटीचा. तोही रिकामा नाही. सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी मार्टिनीच्या हुबेहूब प्रती केल्या, राणीच्या मुकुटासकट. हात विलक्षण, पण इंग्रजी येत नसल्याने कधी अक्षर उलटं, कधी स्पेलिंग चुकलेलं. ही बनावट निदान भाबडी आहे. त्याहून वाईट बनावट आजच्या बाजारात होते. जुनी झिलई घासून नवी करायची, पुसट अक्षरं पुन्हा कोरायची आणि 'कारखान्यातून निघाली तशीच आहे' असं सांगायचं.

ती ओळखायची कशी? ठसा धातूत ठोकला जातो तेव्हा त्याच्या कडेला धातू किंचित वर येतो. बफ फिरला की ती कड जाते, अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, ढाच्याच्या धारदार कडा गोल होतात. गोल झालेल्या कडेवर अक्षरं मात्र ताजी टवटवीत असतील, तर ती नंतर मारलेली. मोडी कागदात शेवटी मोर्तब का असे? त्यानंतर कोणी ओळ वाढवू नये म्हणून. शिक्का काय म्हणतो याइतकंच तो कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर पडलाय, हे महत्त्वाचं.

इथे कोणी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. नक्कल केली तरी मूळ कागद बाजूला शिल्लक राहू शकतो. नळी बदलली की जुनी नळी भंगारात जाते. तेव्हा आमची उपमा इथे लंगडी पडते, हे कबूल. कारखान्याची दुरुस्तीही काहीतरी पुसतेच. पण म्हणूनच जी नोंद राहिली ती जपायची. पुसलेलं परत येत नाही, पण कोणी, कधी आणि कशासाठी पुसलं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकं सांगत नाहीत. त्यांचा नियम असा, की मूळ दस्त्याचं लाकूड धातूच्या किंचित वर असतं. खाली गेलेलं असेल तर कोणीतरी घासलंय. बरोबर आहे, पण तिकडच्या हवेत. आपल्याकडे मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि शंभर वर्षांत लाकूड असे शंभर उन्हाळे काढतं. ते आक्रसतं. म्हणून खानदेशातल्या दस्त्याला आधी घासलेला ठरवू नका. घासलेल्या लाकडाच्या कडा गोल असतात. आक्रसलेल्याच्या कडा धारदार राहतात, पण सांध्यात फट पडते, रेषेसारखे तडे दिसतात. पुस्तकातला नियम आपल्या हवेत तपासून घ्यायचा, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा किस कशाला काढायचा? तर त्याचं कारण कायद्यात आहे. २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र परवान्यावरची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आली. वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही ती लागू आहे. ज्यांच्याकडे तीन होत्या, त्यांना एक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागली. आता अशा घरात कुठली बंदूक जाणार? जी जुनाट दिसते, जिची नळी आणि ढाचा 'मॅच होत नाही', ती. म्हणजे बरेचदा जिच्यावर सगळ्यांत जास्त लिहिलेलं आहे, नेमकी तीच. चुकीचा प्रश्न विचारला की घरातून चुकीची वस्तू बाहेर जाते.

'अँटिक आहे, लायसन्स लागत नाही' हा गैरसमजही इथेच दूर करू. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ सूट देतं, पण दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला. चालणारी विंचेस्टर सव्वाशे वर्षांची असली तरी तिला परवाना हवाच. आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही.

मग घरी अशी बंदूक असेल तर काय करायचं? बफ नको, वॉर्निश नको, स्वतः खोलणंही नको. प्रत्येक ठशाचे तिरप्या उजेडात फोटो काढा. जुनी लायसन्सं, पावत्या, दुरुस्तीची बिलं एका पाकिटात ठेवा. बंदूक आणि तिचे कागद यांची ताटातूट होऊ देऊ नका. दुरुस्ती करावीच लागली तर परवानाधारक कारागिराकडून करून घ्या आणि काय केलं ते तारखेसह लिहून घ्या. म्हणजे तुमची दुरुस्तीही उद्या नक्कल ठरेल, बनावट नाही.

त्या वाड्यात आम्ही शेवटी काय सांगितलं? "ओरिजिनल आहे की नाही, ते आता सांगता येणार नाही. पण कपाटात लायसन्सं असतील ती काढा." तेव्हा आजोबांच्या लायसन्समागे घडी घातलेला एक कागद निघाला. नवा दस्ता बसवल्याची पावती. मुलगा हिरमुसला, "म्हणजे दस्ता पण मूळचा नाही." आम्ही म्हटलं, अरे, या बंदुकीबद्दल खात्रीने सांगता येईल अशी एवढी एकच गोष्ट उरली आहे, आणि ती तुझ्या आजोबांनी जपून ठेवली होती. ती पावती आधी नीट ठेव.