घराचा फोटो कुठून काढायचा?

गुगलवर ‘किल्लारी’ टाकून फोटो बघा. दगडांचे ढीग, मोडलेल्या तुळया, ढिगाऱ्याभोवती सुन्न उभी माणसं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसं आपल्याच घरांखाली गेली. जगाने ही घरं पाहिली ती पडल्यावर. उभी असताना त्यांचा फोटो काढावा असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. आपल्या अल्बममध्येही घर असतं, पण माणसांच्या मागे: नवरीच्या खांद्याआड अर्धा खांब, बारशाच्या फोटोत कोपऱ्यातली देवळी.

आता नांदेड-लातूरकडचे उरलेसुरले वाडे रील्समध्ये येतात. कोरीव दरवाजा, पिवळसर फिल्टर, मागे बासरी. मला या रील्स ढिगाऱ्याच्या फोटोंच्या सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्हींत घर मेलेलंच आहे; एकात रडायचं, दुसऱ्यात उसासा टाकायचा.

याउलट वॉकर इव्हान्स बघा. या अमेरिकन छायाचित्रकाराने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एकोणिसाव्या शतकातली घरं टिपली आणि 1933 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून तो घरासमोर उभा राहतो, भिंतीवर ऊन पडू देतो आणि गप्प राहतो. ना हळहळ, ना कौतुक. त्याच वर्षी तिथल्या सरकारने मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना जुन्या इमारतींची मोजमापं आणि फोटो घ्यायच्या कामाला लावलं. ती नोंद आज कुणालाही ऑनलाइन बघता येते.

पण इव्हान्सची रीत जशीच्या तशी आपल्याकडे आणली तर फसते. त्याची घरं रस्त्याकडे तोंड करून बसलेली असतात. पायऱ्या, व्हरांडा, खिडक्या, सगळं समोर. आपलं माळवदाचं घर रस्त्याला पाठ दाखवतं. समोरून मिळते फक्त दगड-मातीची जाड भिंत आणि एक दार. खरं घर ढेळज ओलांडल्यावर, चौकात सुरू होतं. आणि धोका तर वर होता. गळू नये म्हणून माळवदावर माती टाकली जायची, थरावर थर चढत जायचे. भूकंपात मातीत रचलेल्या भिंती सुटल्या आणि ते सगळं वजन अंगावर आलं. समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसलं नसतं.

भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, ओळीने एकसारखी घरं. रॉबर्ट ॲडम्सचं ‘द न्यू वेस्ट’ (1974) बघताना मला ही गावं आठवतात. कोलोरॅडोच्या कडक उन्हात एकाच साच्यातली नवी घरं; ॲडम्सला ती खटकतात, तरी त्यांच्यावर पडलेला उजेड तो नाकारत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे साचा टिकला नाही. कुणी पुढे पत्रा ओढला, कुणी मागे चूल मांडली, कुणी कंपाउंड घालून उघड्या अंगणाचा पुन्हा चौक केला. रस्त्याकडे तोंड केलेलं घर लोकांनी हळूहळू आत वळवून घेतलं.

मराठवाड्याच्या घराचा हा सगळ्यात ताजा इतिहास आहे आणि त्यात कोरीव दरवाजा नसल्यामुळे तो रीलमध्ये येत नाही. म्हणून सांगतो, मोबाइल घेऊन चौकात उभे राहा. धुणं वाळत असताना, पत्र्याखाली बसून, माळवदावर चढून फोटो काढा. खाली गाव आणि तारीख लिहा. घरात कुणी राहतंय तोवरच.

आमच्या आजोळचा चौक माझ्या हातून असाच सुटला. आजी सांगते, माळवदावर जायला चौकातूनच जिना होता. मावशीच्या लग्नाच्या एका फोटोत त्याची सगळ्यात खालची पायरी दिसते. तिच्यावर दोन करवल्या बसल्यात.