‘लाउदातो सी’मधील पर्यावरणविचार : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद असलेल्या या पत्राने जगभरातील कॅथलिक सेवासंस्थांच्या कार्याला नवे परिमाण दिले. शाळा, दवाखाना, वसतिगृह आणि दुष्काळातील अन्नवाटप यांच्या जोडीला पाणी, माती, बियाणे व जंगल हेही सेवेचे विषय ठरले. या पत्राची चर्चा बहुधा धर्मशास्त्राच्या किंवा हवामानबदलाच्या अंगाने होते. मात्र ज्या समाजाच्या नावे ‘गरिबांचा आक्रोश’ असा उल्लेख त्यात येतो, त्या समाजाच्या भूमीवर उभे राहून हे पत्र कसे वाचता येईल, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात डहाणू व तलासरी या पालघर जिल्ह्यातील दोन आदिवासीबहुल तालुक्यांच्या इतिहासाच्या आधारे या संहितेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. आफ्रिकेतील कॅथलिक कार्याची काही उदाहरणे तुलनेसाठी घेतली आहेत. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : पर्यावरणाची जपणूक ही सेवा म्हणून सुरू होऊ शकते, परंतु जमिनीवरील हक्क आणि निर्णयातील वाटा हे दोन प्रश्न टाळले, तर ती वृक्षारोपणाच्या कार्यक्रमापलीकडे जात नाही.

संहितेचे बलस्थान

अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असा आरोप केला होता की, पर्यावरणीय संकटाची वैचारिक मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेच्या मानवकेंद्री दृष्टीत आहेत. त्याच लेखात त्यांनी असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते संत मानावे, असेही सुचविले. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणा केली. ‘लाउदातो सी’ हे शीर्षकही याच संतांच्या स्तोत्रावरून आलेले आहे. पोप फ्रान्सिस या पत्रात उपरोक्त आरोपाला उत्तर देतात. मानवाला सृष्टीवर सत्ता गाजविण्याचा परवाना मिळालेला नसून तिची मशागत आणि राखण करण्याची जबाबदारी मिळाली आहे, असा त्यांचा अर्थनिर्णय आहे.

पत्राचे खरे सामर्थ्य चौथ्या प्रकरणातील समग्र परिसंस्थेच्या कल्पनेत आहे. निसर्गाचा प्रश्न आणि दारिद्र्याचा प्रश्न वेगवेगळे नाहीत, ही त्यामागील भूमिका. परिच्छेद १४६ मध्ये मूलनिवासी समाजांना संवादातील प्रमुख सहभागी मानले आहे. त्यांच्या दृष्टीने जमीन ही विक्रेय वस्तू नाही, हेही तेथे नोंदविले आहे. परिच्छेद १८३ मध्ये प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरण्यापूर्वी, पारदर्शकपणे आणि स्थानिकांना विशेष स्थान देऊन व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. हे दोन परिच्छेद डहाणू-तलासरीच्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही.

आफ्रिकेतील अनुभव

आफ्रिकेत हा विचार पत्राच्या कितीतरी आधीपासून कृतीत उतरत होता. झाम्बियात लुसाकाजवळ कासिसी येथे येशूसंघीयांनी म्हणजे जेझुइटांनी १९७४ मध्ये स्थापन केलेले कृषी प्रशिक्षण केंद्र लहान शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीचे शिक्षण देते. २००२ च्या दुष्काळात झाम्बिया सरकारने जनुकीय परिवर्तित मक्याची अन्नमदत नाकारली. त्या वादात या केंद्राने आणि लुसाका येथील जेझुइट धर्मशास्त्रीय चिंतन केंद्राने अशा बियाण्यांच्या विरोधात भूमिका घेतली. उपाशी माणसांपुढे असा नकार योग्य होता काय, यावर मतभेद झाले आणि ते स्वाभाविक होते. परंतु बियाणे कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न एका सेवासंस्थेने धर्मकर्तव्याच्या कक्षेत आणला, ही बाब महत्त्वाची आहे.

कॅमेरूनचे धर्मशास्त्रज्ञ जाँ-मार्क एला यांनी त्या देशाच्या उत्तर भागातील तोकोम्बेरे परिसरात शेतकऱ्यांमध्ये अनेक वर्षे काम केले. निर्यातीच्या कापसासाठी बाजरीवर्गीय धान्याचे शेत आक्रसते आणि शेतकऱ्याची कणगी रिकामी राहते, तेव्हा श्रद्धेचा अर्थ त्या रिकाम्या कणगीसमोर तपासला पाहिजे, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. १९९५ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. २००८ मध्ये कॅनडात त्यांचे निधन झाले.

केनियाच्या वांगारी माथाई यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी उद्बोधक आहे. त्यांचे शिक्षण कॅथलिक जोगिणींच्या शाळांत झाले. १९७७ मध्ये त्यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. असे असूनही, मिशनरी शिकवणीच्या प्रभावाने किकुयू समाजाच्या मनातील झाडांचे व डोंगरांचे पावित्र्य ओसरले आणि तोडीला नैतिक अडसर उरला नाही, ही टीका त्यांनी स्पष्टपणे केली. ‘अनबाउड’ या २००६ च्या आत्मकथनात त्यांनी वर्णिलेले, समाजाने पवित्र मानलेले जंगली अंजिराचे झाड पुढे तोडले गेले आणि त्यालगतचा झराही आटला. सेवेने लावलेली झाडे आणि त्याच सेवेच्या सावलीत विसरलेली झाडे, असा दुहेरी हिशेब माथाई मांडतात. ‘लाउदातो सी’मध्ये हा हिशेब नाही. तेथे लिन व्हाइट यांच्या आरोपाला उत्तर मिळते ते बायबलच्या अर्थनिर्णयाच्या पातळीवर; मिशनच्या इतिहासाच्या पातळीवर मिळत नाही.

डहाणू-तलासरी : सेवेकडून हक्काकडे

आफ्रिकेतील या प्रश्नांचे प्रतिरूप आपल्या परिसरात आढळते. तलासरी भागात येशूसंघीयांच्या मिशनने शिक्षणाचे कार्य केले. त्यापूर्वीच १९४५ च्या वारली उठावाने हा प्रदेश ढवळून निघाला होता. त्या वर्षी तलासरीजवळील झरी येथे भरलेल्या सभेतून वेठबिगारीविरुद्धचा निर्धार पुढे आला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त पुस्तकात त्या लढ्याचे चित्रण आहे. गवतकापणी व जंगलतोडीची मजुरी हा त्या लढ्यातील एक प्रमुख मुद्दा होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. या प्रदेशात निसर्ग हा प्रथमपासून श्रमाचा आणि मालकीचा विषय होता. निसर्गसौंदर्याची भाषा येथे नंतर आली.

येशूसंघाच्या १९७४-७५ च्या ३२ व्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना यांची सांगड घातली. तिचा एक अनपेक्षित पडसाद डहाणूत उमटला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कष्टकरी संघटनेच्या संस्थापकांत येशूसंघातून बाहेर पडलेले कार्यकर्ते होते. प्रदीप प्रभू हे त्यांपैकी एक. त्यांच्या नावाने १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेने वनजमीन कसणाऱ्या आदिवासींच्या दाव्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. शाळा-वसतिगृहांचे कार्य आपल्या जागी चालू राहिले, तर जमिनीचा प्रश्न संस्थेच्या चौकटीबाहेर गेला. न्यायाचा ठराव करणे आणि न्यायासाठी जमीनदार, वनखाते व शासन यांच्याशी संघर्ष करणे यांत अंतर असते. ते अंतर येथे दृश्य झाले. ‘लाउदातो सी’ प्रेमाला नागरी व राजकीय रूप असते असे सांगते. मात्र सेवासंस्थेने या राजकीय रूपाची किंमत कशी मोजावी, याविषयी ते मौन पाळते.

शेजारच्या वसईचे उदाहरण येथे तुलनेस घेणे आवश्यक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीची चळवळ ही मराठी भाषिक कॅथलिक समाजातील पर्यावरणजाणिवेची सर्वांत ठळक अभिव्यक्ती होय. टँकरने होणारा पाणीउपसा आणि बिल्डरांचे आक्रमण यांविरुद्ध एका धर्मगुरूने सर्वधर्मीय शेतकऱ्यांना संघटित केले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही वसईचा बागायतदार आणि डहाणूचा वारली यांच्या स्थितीत मूलभूत फरक आहे. वसईत वाडी ज्याची होती, तोच तिची राखण करण्यास उभा राहिला. डहाणू-तलासरीत पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याला अतिक्रमक ठरविले गेले. शिवाय, डहाणू-पालघर पट्ट्याच्या सिंचनासाठी उभारलेल्या सूर्या प्रकल्पाचे पाणी पुढे वसई-विरारच्या वाढत्या नागरी वस्तीकडे वळविण्यात आले. त्याचा दोष हरित वसईच्या चळवळीकडे जात नाही. परंतु एका ठिकाणची तहान दुसऱ्या ठिकाणच्या शेतावर भागविली जाते, तेव्हा केवळ स्थानिक जपणुकीचा विचार अपुरा पडतो, हे यावरून दिसते.

संरक्षण कोणाचे, निर्णय कोणाचा?

डहाणूला पर्यावरणीय संरक्षण मिळाले ते मुख्यतः कायद्याच्या मार्गाने. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव फेटाळला होता.

पुढील घटनाक्रम परिच्छेद १८३ च्या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदरास तत्त्वतः मान्यता दिली. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने सशर्त संमती दिली. जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली. जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झाले. म्हणजे तत्त्वतः निर्णय आधी आणि लोकांचे म्हणणे जवळजवळ चार वर्षांनी, असा हा क्रम आहे. मच्छीमार व शेतकऱ्यांचा विरोध या काळात सातत्याने व्यक्त होत होता. ‘लाउदातो सी’मधील अपेक्षा आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील ही दरी आहे. तथापि ती केवळ शासनाची दरी मानून चालणार नाही. धर्मसंस्था असोत वा महाविद्यालये, परिसराविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेने अशा निर्णयप्रक्रियेत आपली भूमिका काय होती, हे विचारले पाहिजे.

संहितेच्या मर्यादा

उपरोक्त विवेचनावरून ‘लाउदातो सी’च्या तीन मर्यादा नोंदविता येतात. पहिली, जपणुकीचा कर्ता बहुतांशी ‘मानव’ असा सर्वसामान्य राहतो. मालक, मजूर, खातेदार आणि बेदखल यांच्यातील भेद अधूनमधून येतो, पण विवेचनाचा कणा होत नाही. आपल्याकडील ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा नेमका हाच भेद पुढे आणते.

दुसरी, स्त्रियांचा स्वतंत्र विचार पत्रात अत्यल्प आहे. वारली समाजात विवाहविधी धवलेरी ही स्त्री चालविते आणि लग्नचौकात पालघट देवीचे चित्र सुवासिनी काढतात. सर्जन व भूमी यांचे नाते सांगण्याचा अधिकार येथे स्त्रीकडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नीच्या संयुक्त नावाने हक्क नोंदविण्याची तरतूद केली.

तिसरी मर्यादा आदिवासी श्रद्धाविश्वाविषयीची. वारल्यांसाठी ‘हिरवा’ हे केवळ विशेषण नाही, ते देवाचे नाव आहे. कणसरी ही धान्याची देवता आहे आणि वेशीवर वाघदेव आहे. मूलनिवासींच्या जमिनीविषयीच्या भावनेचा आदर करणारे पत्र त्यांच्या देवतांविषयी मात्र बोलत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मधील ‘केरिदा ॲमेझोनिया’ या पत्रात अशा धार्मिक अभिव्यक्तींना घाईने अंधश्रद्धा म्हणू नये, असे बजावले. हे पाऊल पुढचे आहे. आदिवासी भागातील चर्चच्या प्रत्येक कार्याची चर्चा आपल्याकडे धर्मांतराच्या वादात अडकते आणि त्या गदारोळात जमिनीचा प्रश्न दोन्ही बाजूंकडून बाजूला पडतो. त्यामुळे या पुढच्या पावलाचे महत्त्व येथे अधिकच जाणवते.

निष्कर्ष

‘लाउदातो सी’ने धरित्री आणि दरिद्री यांचा प्रश्न एकत्र मांडला, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय आहे. कासिसीचे बियाणे, एला यांची कणगी आणि माथाई यांचे अंजिराचे झाड हे दाखवितात की, सेवाकार्य जेव्हा लोकांच्या हाती निर्णय सोपविते आणि स्वतःचा इतिहास तपासते, तेव्हाच ते निसर्गाच्याही कामी येते. डहाणू-तलासरीचा अनुभव त्यात आणखी एक गोष्ट जोडतो. राखण करणाऱ्याला आधी त्या भूमीवर उभे राहण्याचा हक्क असावा लागतो. वनहक्काचा दावा भरण्यास मदत करणे, ग्रामसभेचा ठराव नीट नोंदविला जाईल हे पाहणे, प्रकल्पाचा अहवाल मराठीत समजावून सांगणे, ही कामे रोपवाटिकेइतकीच पर्यावरणाची कामे आहेत. सेवासंस्थांनी ती स्वीकारावीत, आणि या परिसरातील महाविद्यालयांनी व अध्यापकांनीही ती आपल्या अभ्यासाच्या कक्षेत आणावीत. तसे झाले, तरच या पत्राचे वाचन येथील मातीत रुजेल.