फाइल तपासली, मुलाखत कोणी पाहिली?

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या इंटर्नशिपबद्दल विचारलं की आकडे ऐकू येतात. किती तास भरले, किती केसेस झाल्या, किती टेस्ट घेतल्या. गडचिरोली-चंद्रपूरकडे संशोधन करायचा विचार असेल, तर या मोजणीकडे जरा संशयाने बघा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे. त्यातल्या एका पर्यायात दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. आणि त्या काळात देखरेखीखाली घेतलेलं क्लिनिकल प्रशिक्षण अपेक्षित आहे. पण देखरेख कशावर? अनेकदा फक्त केस रिपोर्टवर. रिपोर्ट म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेला सारांश. मुलाखतीत झालेली चूक त्यात दिसेलच असं नाही.

समजा, भामरागडकडची एक माडिया बोलणारी बाई आली आहे आणि तिचा नवरा मराठीत सांगतोय. तुम्ही विचारता, "जीव द्यावासा वाटतो का?" ती बराच वेळ बोलते. नवरा म्हणतो, "नाही म्हणते." तुम्ही लिहिता, 'आत्महत्येचे विचार नाहीत.' फाइल नीटनेटकी, सही झाली. पण ते उत्तर नक्की कोणाचं होतं, हे गाईडला कसं कळणार?

दुसरी अडचण नमुन्याची. ओपीडीत बसून आपण दवाखान्यापर्यंत पोहोचलेली माणसंच पाहतो. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला अभ्यास आठवा. गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे आकडे मानसिक आजारांना लावता येणार नाहीत. पण धडा तोच आहे: न आलेल्यांबद्दल ओपीडीचं रजिस्टर काहीच सांगत नाही.

मग बदल काय हवा? आठवड्यातून निदान एक मुलाखत गाईडने समोर बसून पाहावी, किंवा संमतीने केलेलं रेकॉर्डिंग ऐकावं. घरच्या माणसाऐवजी गोंडी-माडिया जाणणारा, गोपनीयता समजावून दिलेला दुभाषी असावा. काही दिवस आशाताईंसोबत गावात जावं, तिथे टेस्टची बॅग उघडू नये, लोक त्रासाला कोणते शब्द वापरतात ते ऐकावं. आणि दुसऱ्या भेटीला कोण आलं नाही, याचीही नोंद व्हावी.

"गाईडना वेळ कुठे आहे?" ही तक्रार खोटी नाही. पण मग दहा फाइल कमी करा आणि दोन मुलाखती नीट पाहा. पुढे याच नोंदी तुमचा डेटा होणार आहेत. दुभाष्याचं उत्तर एकदा कोडिंग शीटमध्ये 'शून्य' म्हणून गेलं, की कुठलंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करत नाही.

इंटर्नशिप निवडताना 'किती केसेस मिळतील?' हे विचाराच. पण त्याआधी विचारा, "माझी मुलाखत कोण पाहणार?"