देशांचीं ब्रीदें आणि प्रवाशाचें मन

टीकाकाराच्या वांट्यास येणारें वाङ्मय सामान्यतः शंभर-दोनशें पानांचें असतें. आज ज्या वाङ्मयाचा विचार आम्ही येथें करणार आहों, तें दोन-तीन शब्दांपलीकडे क्वचितच जातें. त्याच्या कर्त्याचें नांव वाचकांस बहुधा ठाऊक नसतें, आणि त्याच्या प्रसाराचा खर्च मात्र राष्ट्राच्या तिजोरींतून होत असतो. परदेशस्थ प्रवाशांस आपल्याकडे ओढून घेण्यासाठीं निरनिराळीं राष्ट्रें जीं ब्रीदवाक्यें तयार करवून घेतात, तें हें वाङ्मय. त्यांपैकीं 'अतुल्य भारत' हें आमच्या वाचकांच्या सर्वांत परिचयाचें. तें आपण इतक्या भिंतींवर आणि इतक्या पडद्यांवर वाचलें आहे कीं, त्यानें खरोखर कांहीं काम होतें कीं नाहीं, हा प्रश्नच आपल्याला पडेनासा झाला आहे. तो विचारणें अवश्य आहे. एक तर हा पैसा लोकांचा. आणि दुसरें असें कीं, त्या दोन शब्दांत आपल्या सर्वांच्या वतीनें जगाला एक वचन दिलेलें आहे.

या ब्रीदाच्या कैवाऱ्यांची मुख्य भिस्त आंकड्यांवर आहे. २००२ सालीं केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयानें ही मोहीम सुरू केली. त्या वर्षीं सुमारें २३.८ लाख परदेशी पाहुणे भारतांत आले; २००८ सालीं ती संख्या सुमारें ५२.८ लाखांवर गेली. सहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढ झाली, यापेक्षां आणखी पुरावा तो कोणता हवा, असें ते विचारतात. आम्हांस हा काकतालीय न्याय वाटतो. २००१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेवर झालेला हल्ला, त्याच डिसेंबरांत आपल्या संसदेवर झालेला हल्ला, आणि पुढें कित्येक महिने भारत-पाकिस्तान सरहद्दीवर समोरासमोर उभें राहिलेलें सैन्य, यांमुळें २००२ हें वर्ष मुळांतच पडतें होतें. खड्ड्यांत उभें राहून मोजलेली उंची नेहमींच मोठी भरते. त्यानंतरच्या वर्षांत साऱ्या जगांतच प्रवास वाढला, व्यापारानिमित्त भारतांत येणारे वाढले, विमानांच्या फेऱ्याही वाढल्या. या सर्वांतून ब्रीदाचा वांटा वेगळा काढून दाखविणें कोणास शक्य आहे?

उलट दिशेचा पुरावाही पाहावा. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर दहशतवाद्यांनीं हल्ला केला. जगावर आर्थिक मंदीचें सावट होतेंच. आणि २००९ सालीं पाहुण्यांची संख्या ५१.७ लाखांवर उतरली. ब्रीद तेंच होतें, देशही तितकाच अतुल्य होता. भय मात्र नवें होतें. याच्याही आधीं १९९१ हें साल 'भारत-भेटीचें वर्ष' म्हणून जाहीर करण्यांत आलें होतें. त्या वर्षाच्या आरंभींच आखातांत युद्ध पेटलें, मे महिन्यांत राजीव गांधींची हत्या झाली, आणि पाहुण्यांची संख्या वाढावयाची ती आदल्या वर्षापेक्षां किंचित् घटलीच. शिवाय या संख्येंत कोण कोण मोजले जातात, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. २०१९ सालीं भारतांत आलेल्या परदेशी नागरिकांत सर्वांत मोठा भरणा बांगलादेशीयांचा होता. नात्यागोत्यासाठीं किंवा औषधोपचारासाठीं सरहद्द ओलांडून येणाऱ्या माणसाला इंग्रजी ब्रीदानें मोहून टाकलें, असें म्हणणें धाडसाचें होईल.

स्पेनचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. 'स्पेन निराळा आहे' या अर्थाचें इंग्रजी ब्रीद १९६० नंतरच्या दशकांत, मान्वेल फ्रागा हे माहिती व पर्यटन खात्याचे मंत्री असतांना, फार गाजलें. १९६० सालीं सुमारें ६० लाख परदेशी पाहुणे स्पेनमध्यें गेले होते. १९७० सालीं ते सुमारें २ कोटी ४० लाख झाले. इतकी वाढ पाहून कोणाचेंही मन ब्रीदाच्या पायांशीं लोटांगण घालील. परंतु १९५९ सालीं स्पेननें आपल्या पेसेटा या नाण्याचा भाव डॉलरला ४२ होता तो ६० पर्यंत उतरविला होता, आणि त्यामुळें जर्मन किंवा इंग्रज कारकुनाला स्पेनमधील पंधरवडा एकाएकीं स्वस्त झाला होता. त्याच सुमारास उत्तर युरोपांतील कामकऱ्यांच्या पदरांत भरपगारी रजा पडूं लागली होती, आणि सबंध विमानेंच भाड्यानें घेऊन प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांनीं प्रवासाचा खर्च खालीं आणला होता. मळभाखालीं राहणाऱ्या माणसाला ऊन आधींपासूनच हवें होतें. तें आतां त्याच्या खिशाला परवडूं लागलें, इतकेंच. त्या ब्रीदाचा खरा रसाळ उपयोग स्पॅनिश लोकांनींच केला. फ्रँकोच्या हुकूमशाहींत कांहीं विपरीत घडलें कीं, आपला देश निराळाच आहे, असें ते उपरोधानें म्हणत. पुढें १९८३ सालीं होआन मिरो या थोर चित्रकारानें स्पेनच्या पर्यटनासाठीं सूर्याचें एक चिन्ह काढून दिलें. त्यानंतर शब्द अनेकदां बदलले. सूर्य मात्र राहिला आहे.

मग प्रवासी आपलें ठिकाण ठरवितो तरी कसें? या बाबतींत दूर जाण्याचें कारण नाहीं; प्रत्येकानें आपल्या घरांत डोकावून पाहावें. दोन वर्षांमागें दिवाळीच्या सुटींत कोठें जावें, याची आमच्या घरीं आठवडाभर चर्चा चालली होती. हिमाचलाचा बेत आईच्या गुडघ्यांनीं मोडला. राजस्थानचा बेत तिकिटें न मिळाल्यामुळें बारगळला. शेवटीं केरळ ठरलें, तें शेजारच्या काकू नुकत्याच तिकडून आल्या होत्या म्हणून. तिकडे स्वच्छता बरी आहे, शाकाहारी माणसाची आबाळ होत नाहीं आणि वडीलधाऱ्यांना फार चालावें लागत नाहीं, हें त्यांनीं छातीठोकपणें सांगितलें. 'देवाची स्वतःची भूमि' हें केरळचें जगप्रसिद्ध ब्रीद त्या आठवड्यांत कोणाच्याही तोंडून निघालें नाहीं. परंतु तेथें गेल्यावर होडीच्या धक्क्यावर तेंच ब्रीद आमच्या मुलीनें वाचलें, आणि परत आल्यावर आमच्या घरांतील प्रत्येकजण येणाऱ्या-जाणाऱ्यास तेंच ऐकवूं लागला. निवड करतांना जें आठवलें नाहीं, तें निवडीचें समर्थन करतांना जिभेवर आलें. ब्रीदाचें काम प्रवासाला निघतांना फारसें होत नाहीं, परतल्यावर होतें, असें आम्हांस त्या वेळीं प्रथम वाटलें. आणि अधिक विचारांतींही तें मत बदललेलें नाहीं. आमचें बोलणें ऐकणाऱ्यांपैकीं एखाद्या कुटुंबाचा पुढील वर्षींचा बेत त्यामुळें ठरला असेल, तर त्याचें श्रेय ब्रीदास कीं आमच्या तोंडच्या हकीकतीस?

केरळच्या या ब्रीदाचा इतिहासही उद्बोधक आहे. १९८९ सालीं तें त्या राज्याच्या पर्यटनासाठीं योजिलें गेलें. पण शब्द नवे नव्हते. न्यूझीलंडचे लोक एकोणिसाव्या शतकापासून आपल्या देशाला हेंच विशेषण लावीत आले आहेत, आणि इंग्लंडांतील यॉर्कशायरचे रहिवासीही त्यावर हक्क सांगतात. त्या शब्दांचें मराठींत 'देवभूमि' असें भाषांतर केलें तर आपलें मन दक्षिणेकडे न जातां सरळ हिमालयाकडे धांव घेतें. म्हणजे त्या शब्दांत केरळ मुळींच नव्हतें. केरळानें तें त्यांत भरलें. परदेशी प्रवाशाचा भारत जेव्हां मुख्यतः दिल्ली, आग्रा आणि जयपूर येथेंच संपत होता, तेव्हां केरळानें आपल्या खाड्या आणि कालवे दाखविले. भात वाहून नेणाऱ्या जुन्या केट्टुवळ्ळम् नौकांना राहण्याजोगें रूप दिलें. आयुर्वेदाचे उपचार पुढें आणले. जें ठिकाण नकाशावर आहे पण मनांत नाहीं, त्याला लक्षांत राहील असें नांव मिळालें तर तें निवडीच्या यादींत तरी येतें. येथें ब्रीदाचा उपयोग आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. अज्ञात ठिकाणाला त्याचा लाभ होतो. ताजमहालासारख्या जगाला ठाऊक असलेल्या स्थळाला तो जवळजवळ होत नाहीं.

आतां वाङ्मय म्हणून या ब्रीदांची पारख करूं. आमची कसोटी साधी आहे: ब्रीदांतील देशाचें नांव काढून त्या जागीं दुसरें घालावें; वाक्य तितकेंच खरें किंवा तितकेंच खोटें राहिलें, तर तें ब्रीद पोकळ समजावें. या कसोटीला 'अतुल्य भारत' उतरत नाहीं. कोणता देश स्वतःस तुलनेपलीकडचा समजत नाहीं? आपल्या साहित्यशास्त्रांत ज्यास अनन्वय म्हणतात, म्हणजे उपमेयालाच उपमान करावयाचें, त्याचा हा प्रकार आहे. आणि अनन्वय शोभतो तो वर्णन करून थकल्यावर, वर्णनाच्या ऐवजीं नव्हे. गंमत अशी कीं, मूळच्या 'इन्क्रेडिबल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ अतुल्य असा नाहींच. विश्वास बसणार नाहीं असें जें, तें इन्क्रेडिबल. इंडिया या शब्दाच्या इंग्रजी आद्याक्षराच्या जागीं उद्गारचिन्ह घालून तो विस्मय अधिकच ठसविला आहे. परक्याला सांगावयाचें कीं, आमच्याकडील गोष्टींवर तुझा विश्वास बसणार नाहीं. आणि घरच्यांना सांगावयाचें कीं, आपल्याला तोड नाहीं. पहिलें निमंत्रण आहे, दुसरी आत्मस्तुति. राजधानीच्या रस्त्यांवरील फलक परदेशी पाहुण्यापेक्षां आपल्याच मतदारांच्या डोळ्यांसाठीं असतात कीं काय, अशी शंका यावी, ती यामुळेंच.

याच्या शेजारीं मलेशियाचें 'खरीखुरी आशिया' या अर्थाचें १९९९ पासूनचें ब्रीद ठेवून पाहावें. त्यांतही फुशारकी आहे. पण तिच्यांत एक मुद्दा आहे. मलायी, चिनी आणि भारतीय वंशाचे लोक, त्यांचीं देवळें, मशिदी आणि खाद्यपदार्थ एकाच देशांत पाहावयास मिळतील, असें तें सांगतें. हें विधान तपासून पाहतां येतें, म्हणूनच त्याला किंमत आहे. ऑस्ट्रेलियाची २००६ सालची मोहीम याच्या उलट टोकाची. 'अहो, तुम्ही आहां तरी कोठें?' अशा अर्थाच्या त्या वाक्यांत एक शिवराळ शब्द मुद्दाम घातला होता. ब्रिटनमध्यें दूरचित्रवाणीवर त्यास प्रथम बंदी झाली, आणि वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरले. वाक्य सर्वांच्या लक्षांत राहिलें. तरीही २००८ सालीं त्या मोहिमेची जागा दुसरीनें घेतली. ब्रीद लक्षांत राहणें आणि त्यामुळें पाऊल उचललें जाणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

याचा अर्थ सरकारनें मौन धरावें असा नाहीं. २०१४ च्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें ४३ देशांच्या नागरिकांना प्रवेशपरवान्यासाठीं घरबसल्या संगणकावरून अर्ज करण्याची सोय केली. वकिलातीच्या दारांत ताटकळणें ज्याला नकोसें वाटत होतें, त्याच्या वाटेंतील एक धोंडा त्यामुळें दूर झाला. अशा सुधारणेचें गाणें कोणी करीत नाहीं. पण तिचा परिणाम कोणत्या मार्गानें होतो, हें बोट ठेवून दाखवितां येतें, आणि ब्रीदाच्या बाबतींत नेमकें तेंच दाखवितां येत नाहीं. २००५ पासून तैत्तिरीय उपनिषदांतील अतिथिसत्काराचें वचन घेऊन सरकारनें जी दुसरी मोहीम चालविली, तिची दिशा आम्हांस अधिक योग्य वाटते. कारण ती पाहुण्याला उद्देशून नव्हती, यजमानाला उद्देशून होती. टांगेवाला, टॅक्सीवाला, वाटाड्या आणि दुकानदार हेच देशाच्या ब्रीदाचे खरे भाष्यकार होत. त्यांच्यापैकीं एकानें पाहुण्यास नाडलें, तर तो पाहुणा घरीं गेल्यावर आमच्या शेजारच्या काकूंप्रमाणेंच बोलणार, फक्त उलट.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. ब्रीद खरें ठरलें म्हणजे चिंता संपते, असें नाहीं. केरळांतील वेंबनाड सरोवरावर आज घरनौकांची इतकी दाटी झाली आहे कीं, त्यांच्या तेलानें आणि मैल्यानें पाणी दूषित होत असल्याची तक्रार तेथील मच्छीमार सतत करीत असतात. देवाच्या भूमींत येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढली, पण देवाच्या पाण्याची राखण कोणी करावयाची, हें ठरलें नाहीं. ब्रीदें रचणाऱ्यांचें यश पाहुण्यांच्या संख्येवर मोजलें जातें, तोंवर हें असेंच चालणार. प्रवाशाचें मन दोन शब्दांनीं वळत नाहीं. तें पैसा, रजा, सुरक्षितता आणि विश्वासू माणसाचा शब्द यांनीं वळतें. ब्रीदाला फार तर त्या शब्दाची आठवण करून देतां येते. तेव्हां नवें ब्रीद शोधण्यापूर्वीं, जुन्यांत जें कबूल केलें तें स्थळावर जाऊन कोणी तपासलें आहे काय, एवढा प्रश्न आपण नागरिकांनीं प्रत्येक वेळीं विचारावा. वचनाची किंमत तें पाळण्यांत असते. आणि तें पाळण्याचें काम मंत्रालयांत बसून होणारें नाहीं.