पिठाचा कोंबडा आणि कोनफळाचा मासा

जपानला जाऊन आलेल्या आपल्या बायका एकच सल्ला देतात: दशम्या, खाकरे आणि शेंगाचटणी बरोबर न्या, तिथं आपल्याला काही मिळत नाही. त्यात तथ्य आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं पातळ सार. ते बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. वांगं मागवलं तरी ते त्याच सारात शिजलेलं असतं. पानात मासा दिसत नाही, म्हणजे तो नाही, असं तिथं समजू नये.

पण त्याच देशात एक पूर्ण शाकाहारी पाकपरंपरा आहे, आणि ती आजकालच्या 'व्हीगन' फॅशनमधून आलेली नाही. तिचं नाव शोजिन ऱ्योरी. 'ऱ्योरी' म्हणजे स्वयंपाक. 'शोजिन' हा शब्द बौद्ध ग्रंथांतल्या 'वीर्य' या संस्कृत शब्दासाठी आलेला आहे. वीर्य म्हणजे साधनेतला नेट. आपल्या पंचाचारांतला वीर्याचार आठवा, म्हणजे अर्थ लगेच कळेल. झेन मठांत ही पद्धत तेराव्या शतकापासून रुजली. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत. कांदा, लसूण आणि पातीचे उग्र प्रकारही नाहीत. दाशी करायची ती कोंबू नावाच्या समुद्रवनस्पतीची आणि वाळवलेल्या शिइताके अळंब्यांची.

हे जेवण आता मठांपुरतं राहिलेलं नाही. 1872 साली मेजी सरकारने भिक्षूंना मांस खायची आणि लग्न करायची मोकळीक दिली, तेव्हापासून जपानमधले पुष्कळ पुजारी चारचौघांसारखंच जेवतात. आणि त्यांच्या पूर्वजांचं साधं जेवण शहरातल्या उंची भोजनगृहांत बारा-बारा पदार्थांच्या पंगतीने वाढलं जातं. मी क्योतोत जेवले ते अशाच एका ठिकाणी. माणशी बारा हजार येन, म्हणजे आपले सात हजारांच्या आसपास रुपये. जागेचं नाव लिहीत नाही, कारण मला एका घराचा न्याय करायचा नाही, या प्रकारच्या जेवणाचा करायचा आहे.

आधी आपल्या कामाची माहिती सांगते, कारण हा लेख वाचून कुणी तिकिटं काढली तर शिव्या मला बसायला नकोत. शोजिन शाकाहारी आहे, पण जैन नाही. त्यांनी कांदा-लसूण सोडला तो मन चाळवतं म्हणून. जमिनीखालच्या जीवांचा विचार त्यात नाही. त्यामुळे मुळा, गाजर, अरवी, गोबो नावाचं लांब मूळ, कमळाचा कंद हे सगळं ताटात असतं. अळंबी असतेच. मिसो महिनोन्‌महिने मुरवलेला असतो. पिठालासुद्धा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा पाळणाऱ्या घरात तो बसत नाही. मिरिन ही गोडसर तांदळाची दारू कित्येक पदार्थांत चमचाभर पडते. कोंबू तर समुद्रातलं शेवाळच, आणि शेवाळ आपल्याकडे अनंतकायात मोजतात. कडक व्रत असेल तर साधा भात, टोफू आणि एखादी उकडलेली भाजी, एवढ्यावर भागवावं लागेल. मी कंद आणि अळंबी खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही. त्यापुढचे नियम माझ्या सासूबाईंचे होते, ते मला जमलेले नाहीत. ओसाकाला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने चार दिवस आधी फोन करून हे सगळं कळवलं आणि दुपारचं जेवण ठरवलं. त्यांनी ऐकून घेतलं, परत दोन शंका विचारल्या आणि माझं ताट वेगळं केलं. दारूचा थेंब नसलेलं आणि अळंबीशिवायचं सारही वेगळं केलं. आपल्याकडच्या किती हॉटेलांत 'जैन' म्हटल्यावर परत शंका विचारतात?

आता जेवणाकडे.

पहिल्याच वाटीत गोमादोफू आला. नाव टोफू, पण सोयाबीनचा यात संबंध नाही. तीळ भाजून, उखळीसारख्या खरखरीत भांड्यात अगदी लोणी होईपर्यंत वाटतात, गाळतात, त्यात 'कुझू' नावाच्या वेलीचं सत्त्व घालतात आणि मंद आचेवर घोटत बसतात. ज्यांनी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवलाय त्यांना हे काम सांगायला नको. तीच गुठळी होण्याची भीती, तसाच दंड भरून येणं, आणि 'आता झालं' हे घड्याळावर नाही, पळीला लागणाऱ्या ओढीवर कळणं. कुझूचं सत्त्व मुळापासून काढतात. वाळवलेल्या हळद-सुंठेला आपण जो न्याय लावतो तो मी त्याला लावला. ज्यांना पटत नसेल त्यांनी हा पदार्थ वगळावा.

दोन घासांचा तुकडा. वर थेंबभर सोयासॉस. तोंडात ठेवल्यावर पहिल्यांदा काही लागतच नाही. मग हळूहळू तीळ येतो, आणि नुसता तीळच येतो. संक्रांतीला गुळाच्या, शेंगापोळीत दाण्याच्या आणि चटणीत तिखटाच्या सोबतीने आपण तीळ जन्मभर खातो; त्याला एकट्याला भेटण्याची ही माझी पहिली वेळ. झेनमध्ये षड्‌रसांची एक यादी आहे. कडू, आंबट, गोड, खारट, तिखट, आणि सहावा रस 'तान', म्हणजे फिका, मूळ चवीला झाकणार नाही असा. आपल्या सहा रसांत तुरट आहे, तिथं त्यांनी हा फिकेपणा बसवला. आपण रसपरित्याग करतो तेव्हा मीठ, साखर, तेल, तूप, दूध, दही यांतलं काही सोडतो. सोडल्यावर उरतं त्याला चव म्हणून कुणी बघत नाही, तप म्हणून गिळून टाकतो. त्या उरलेल्यालाही एक नाव आहे आणि ते नीट शिजवायचं असतं, हे मला या वाटीने शिकवलं.

त्यानंतर युबा. सोयाबीनच्या दुधावरची साय, एकावर एक घडी घातलेली. मग 'फू'. कणीक पाण्यात धुवत राहिलं की चीक निघून जातो आणि चिवट गोळा मागे उरतो, तो हा. आपण कुरडयांसाठी चीक ठेवून चोथा टाकतो, ते चिवट भाग ठेवतात. लाल भोपळ्याची एक फोड होती, साल अर्धवट सोलून हिरवी नक्षी राखलेली, आणि ती खरंच भोपळ्यासारखी लागत होती. हे वाक्य साधं वाटेल. पण आपल्या लग्नाच्या पंगतीत भोपळा शेवटचा कधी भोपळ्यासारखा लागला होता, आठवून बघा.

इथपर्यंत माझं मत पूर्ण बाजूने होतं. मग ताटलीत मासा आला.

लेकीच्या ताटलीतला कोनफळाच्या जातीचा कंद किसून केलेला. किस नोरीच्या काळ्या पापुद्र्यावर थापायचा, त्यावर सुरीने काट्यांसारख्या रेघा ओढायच्या, तळायचा, वर गोड-खारट सॉस लावून भाजायचा. नोरीची होते कातडी, किसाचं होतं मांस, आणि समोर येते ती अस्सल 'उनागी', म्हणजे ईल मासा. या नकलेच्या प्रकाराला 'मोदोकी' म्हणतात. गानमोदोकी नावाचा टोफूचा तळलेला वडा तर जपानभर मिळतो. त्या नावाचा अर्थच रानहंसासारखं. मोदोकीची ही हौस विशेषकरून फुचा पद्धतीत दिसते. ती इंगेन या चिनी भिक्षूबरोबर 1654 साली जपानमध्ये आली. उजी गावातला मान्पुकुजी मठ त्याचाच. म्हणजे नक्कल ही आजची टूम नाही, तिलाही साडेतीनशे वर्षं झाली.

आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी त्यांनी कंद वगळून टोफूचा मासा केला होता. तेवढ्याच प्रेमाने रेघा ओढून. वाढणाऱ्या बाईंनी तो मुद्दाम माझ्याकडे वळवून ठेवला. यादीप्रमाणे बघितलं तर त्यात काहीही गैर नव्हतं. कंद नाही, अळंबी नाही, दारू नाही.

"आई, यशोधराचा कोंबडा," लेक म्हणाली.

ही गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दहाव्या शतकात सोमदेवाने ती संस्कृतात लिहिली, 1209 च्या सुमारास जन्नाने कन्नडमध्ये 'यशोधर चरिते' लिहिलं आणि आपल्या सीमाभागात ती आज्यांच्या तोंडी आली. राजा यशोधर जीवहत्येला तयार होत नाही. आई चंद्रमती बळीचा हट्ट सोडत नाही. मग तोड निघते: पिठाचा कोंबडा करू आणि तोच कापू. कोंबडा पिठाचा, पण कापण्याची इच्छा खरी. त्या एका घावासाठी माय-लेक जन्मोजन्मी मोर, कुत्रा होत होत शेवटी खरोखरचे कोंबडा-कोंबडी होतात. गिरीश कार्नाडांनी यावरच 'हिट्टिन हुंजा' हे नाटक लिहिलं.

पण या गोष्टीची काठी घेऊन त्या स्वयंपाक्याच्या पाठी लागणं अन्याय होईल. यशोधराच्या घरी संकल्प मारण्याचा होता. इथं संकल्प पाहुण्याला रिझवण्याचा होता. मांस खाणारा पाहुणा मठात आला तर त्याला आपल्या ताटात काही कमी आहे असं वाटू नये, म्हणून ही गंमत. चवही चांगली होती, ते लपवत नाही. ताटात आलेलं टाकायचं नाही म्हणून मी तो सगळा खाल्ला. पुन्हा मागणार नाही.

कारण पापपुण्याचं नाही, पदार्थाचं आहे. गोमादोफू खाताना मी तिळाचा विचार करत होते. टोफूचा मासा खाताना मी, जन्मात मासा न खाल्लेली बाई, माशाचा विचार करत होते. टोफूचं कौतुक टोफू म्हणून झालं नाही. तो माशासारखा किती झाला यावर झालं. शेजारच्या टेबलावरही फोटो निघाले ते त्याच ताटलीचे. त्या टेबलावर भाताची वाटी तशीच राहिली आणि उठून गेली मंडळी. ज्या परंपरेत भिक्षू जेवण झाल्यावर वाटीत गरम पाणी ओतून, वाटी धुऊन ते पाणी पितो, तिच्या नावाने चाललेल्या घरात हे बघणं कठीण गेलं. आपल्याकडेही व्रतात ताट धुऊन पिणारी माणसं आहेत. त्यांना हे दुःख कळेल.

किमतीचंही तेच. झेन मठात दुपारनंतर जेवायचं नाही असा मूळ नियम. संध्याकाळी जे थोडं घेतात त्याला 'याकुसेकी' म्हणतात, म्हणजे औषधी दगड: भूक लागली की भिक्षू पोटाशी ऊन दगड धरत, त्याची आठवण. जपानमधल्या सगळ्यात महागड्या जेवणाला 'काइसेकी' म्हणतात, त्याचाही अर्थ पोटाशी धरलेला दगड असाच सांगतात. भुकेच्या नावाने सात हजारांचं ताट! दोगेन या आचार्यांनी 1237 साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी 'तेन्झो क्योकुन' हा छोटा ग्रंथ लिहिला. साध्या पाल्याची भाजी असो की उंची पदार्थ, स्वयंपाक्याचा जीव दोन्हींत सारखाच लागला पाहिजे, असा त्याचा रोख. ज्या स्वयंपाक्याने तीळ घोटला त्याने हा धडा गिरवलेला होता. मासा कोरणाऱ्याचा हात तेवढाच तयार होता, जीव मात्र दुसरीकडे होता.

हे मी जपानवर टीका म्हणून लिहीत नाही. मागच्या लग्नसराईत आमच्या बेळगाव भागातल्या आपल्याच एका स्वागत-समारंभात 'जैन लेग पीस' होता. सोयाचा चाप, लाकडी काडी खुपसलेला, काडीला हाडासारखा चांदीचा कागद. कंद नाही, कांदा-लसूण नाही, सूर्यास्ताच्या आत वाढलेला. यादी पूर्ण पाळलेली. आणि लहान मुलं विचारत होती, खरा कसा लागतो? जपानी मठाने ही नक्कल मांस खाणाऱ्या पाहुण्यासाठी केली. आपण ती आपल्याच मुलांसाठी करतो आहोत, ज्यांना त्या चवीची आठवणच नाही. आपल्या ताटात काहीतरी कमी आहे, हे आपणच त्यांना शिकवतोय. उद्या त्यांनी तो 'खरा' शोधला तर दोष कुणाला देणार?

तर माझा निकाल असा. अशा जेवणाला जावं, एकदा तरी जावं. पण सगळ्यात महाग ताट मागवू नये, कारण पैसे वाढतात तशी कलाकुसर वाढते. क्योतोच्या आराशियामात 1339 साली स्थापन झालेला तेन्र्यूजी मठ आहे. त्याच्या आवारात 'शिगेत्सू' नावाच्या जागी दुपारी शोजिन जेवण मिळतं. कोयासान डोंगरावर मठांतच मुक्काम करता येतो आणि संध्याकाळचं जेवण लवकर देतात, उन्हाळ्यात आपल्याला सोयीचं. चार दिवस आधी कळवा, कंद-अळंबी-मिरिन तिन्ही शब्द लिहून पाठवा, आणि मोदोकी नको हेही त्यात लिहा. गोमादोफू असेल तर हळू खा.

आणि घरी आल्यावर पाव किलो पांढरे तीळ भाजून, गूळ-तिखट काही न घालता पाट्यावर वाटून बघा. कुझू इथं मिळत नाही. मी कुरडयांच्या चिकात घोटून पाहिलं. पहिल्या दोन वेळा पातळ राहिलं, तिसऱ्यांदा वडी पडली. यजमानांनी विचारलं, हे कशासारखं आहे? म्हटलं, तिळासारखं.